गाव सांगा, साल सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. पाटीवर ‘अभिलेख कक्ष’ असायचं, पण तसं कुणी म्हणत नाही. खानदेशातला मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको. वर पंखा लावावा तर सुटे कागद उडतात, म्हणून तो बंद. समोर लाल कापडाचा रुमाल, त्यात बांधलेल्या फाइली, आणि गाठ सोडली की नाकात जाणारी धूळ.

अशाच एका दुपारी खिडकीशी एक बाबा आले. म्हणाले, “भाऊ, मना आजाना कागद शे का आठे?”

मी विचारलं, “गाव कोणतं, साल कोणतं?”

तर त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचंही सांगितलं. आता अडचण अशी, की आमच्याकडे कागद माणसाच्या नावानं लावलेला नसतो. तो तालुका, गाव, साल आणि नंबर यांनी लावलेला असतो. फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा नंबर किंवा जमिनीचा गट नंबर हाताशी असला तर काम तासाभरात होतं. नाही तर आम्ही रुमाल सोडत बसायचं आणि तुम्ही हेलपाटे घालायचे.

बाबांचं गाव धरणगावकडचं. तिथले जुने कागद शोधायचे तर एरंडोलचं दप्तर पाहावं लागतं, कारण धरणगाव तालुका नंतर झाला. जुन्या कागदाच्या माथ्यावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ दिसलं तर गोंधळू नका. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. धुळ्यातून नंदुरबार निघाला तो 1 जुलै 1998 ला. कागद मात्र आपल्या काळाच्या नावानंच बसलेला असतो.

लोकांना वाटतं, सरकारी कागद कायम राहतो. तसं नाही. ‘अ’ वर्गाचा कागद कायम, ‘ब’चा 30 वर्षं, ‘क-1’चा 10, ‘क’चा 5 आणि ‘ड’चा एकच वर्ष. मुदत संपली की यादी करून, मंजुरी घेऊन तो नष्ट करायचा. खरं सांगू का? रेकॉर्डकीपरची परीक्षा इथंच असते. नष्ट करायचं काम कुणालाच आवडत नाही, पुढं ढकललं जातं. मग रजेचे अर्ज आणि जमिनीचे हक्क एकाच मांडणीवर चेपून बसतात आणि वाळवी वर्ग बघून खात नाही.

हल्ली गर्दी असते ती जातीच्या दाखल्यांसाठी. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या. अशा वेळी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, कामाला येतं. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. वाचणारा आधी शोधून ठेवा.

आणखी एक. नोंदीत चूक दिसली तर रेकॉर्डकीपरला “एवढं अक्षर बदला” म्हणू नका. त्याला टिंबही बदलता येत नाही. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. आमच्या हातात फक्त खरी नक्कल देणं.

तर ते बाबा. तिसऱ्या खेपेला घरच्या ट्रंकेतली शेतसाऱ्याची पावती घेऊन आले. तिच्यावर सर्वे नंबर होता. अर्ध्या तासात कागद निघाला. कडा कुरतडलेल्या, पण मजकूर शाबूत. बाबा खिडकीतून वाकून म्हणाले, “आजानी सही शे का?”

मी म्हटलं, “सही नाही बाबा, अंगठा आहे.”

“मंग तो मनाच आजा,” असं म्हणून ते नकलेच्या अर्जाला लावायचं तिकीट आणायला गेले.