डोंगरी बुजुर्गचा काळा दगड

भंडारा जिल्ह्यातला तुमसर तालुका. ऑक्टोबर महिना. धान लोंबीवर आलंय आणि तुडतुड्यानं जोर धरलाय. भाऊ पाठीवरचा चार्जिंगचा पंप बांधावर उतरवतात. लिथियमची बॅटरी. नवी होती तेव्हा एका चार्जिंगमध्ये अख्खी बांधी फवारून व्हायची, यंदा निम्म्यातच बसते.

"उन्हाळाभर टिनाच्या खोलीत होता पंप. तवापासून याच्यात दम नाही राहिला."

उन्हावरचा त्यांचा संशय रास्त आहे.

याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे. इथला दगड हातात घेतला की बोटं काळी होतात. हे मँगनीज डायऑक्साइड. टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी ती हीच. लिथियम बॅटरीच्या धन बाजूला, म्हणजे कॅथोडमध्ये, मँगनीज बसवता येतं हे मायकल थॅकरे आणि जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये १९८३ साली दाखवलं. कोबाल्टपेक्षा कितीतरी स्वस्त.

पण या मँगनीजला एक खोड आहे. बॅटरीतल्या द्रवात पाण्याचा अंश जरी राहिला, तरी त्यातल्या क्षारापासून आम्ल तयार होतं. ते कॅथोडमधलं मँगनीज विरघळवतं. विरघळलेलं मँगनीज पलीकडच्या, म्हणजे ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि तिथं कामाचं लिथियम अडकून पडतं. उष्णता वाढली की हे सगळं झपाट्यानं होतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका.

यावरचा उपाय शेतकऱ्याला लगेच कळेल. पेरणीआधी आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो ना, तशीच ही कॅथोडच्या कणांची बीजप्रक्रिया. प्रत्येक कणावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. आम्ल बाहेर राहतं, लिथियमची ये-जा चालू राहते. लेप जाड झाला तर मात्र लिथियमचीच वाट अडते. कणाच्या आतही थोडं ॲल्युमिनियम मिसळतात. त्यानं रचना घट्ट होते, पण क्षमता जराशी घटते.

क्षमतेसाठी, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जास्त वीज साठावी म्हणून, कॅथोडमध्ये निकेल वाढवता येतं. ग्रॅममागे २०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास मिळतात, मँगनीजचे १२०च्या घरात. पण निकेल जास्त झालं की चार्ज-डिस्चार्ज होता होता कणांना तडे जातात. माझ्या मते आपल्या उन्हाला आधी टिकाऊपणा हवा, क्षमता नंतर. म्हणूनच १९९७ साली पुढे आलेलं लोह-फॉस्फेटचं कॅथोड मला इथं जास्त जवळचं वाटतं. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसनं घट्ट धरून ठेवलेला असतो, तापला तरी सहज सुटत नाही.

बांधावर भाऊंनी जुना हातपंप काढलाय. डाव्या हातानं दांडा मारत ते उरलेल्या निम्म्या बांधीत उतरतात.