काय उणे?

[दृश्य : खराडी, सकाळचे नऊ. सिग्नलला तुंबलेल्या गाड्या, वर फ्लॅटच्या जाहिराती.]

नगर रोडला सिग्नल लागला की वाचायला भरपूर असतं. टू बीएचके, थ्री बीएचके, आणि आता साडेतीन बीएचके. पेशवाईत साडेतीन शहाणे होते, आपल्या काळात साडेतीन खोल्या आल्या. त्यातली ती अर्धी खोली कशासाठी, हे मला सेल्स ऑफिसातल्या एकाही मुलाने नीट सांगितलेलं नाही. पण ती हवी, एवढं नक्की.

‘पुणे तिथे काय उणे’ म्हणत आपण वाढलो. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, नुसती कॉलर ताठ करायची असते. होर्डिंगवाल्यांनी मात्र तो प्रश्न मनावर घेतला. रोज सकाळी ते आपल्याला उत्तर देतात. एक बाल्कनी उणी आहे. एक पार्किंग उणं आहे. पोहण्याचा तलाव तर सगळ्यांनाच उणा आहे, मग पोहता येवो न येवो.

[दृश्य : नाना पेठ. जुना वाडा, लाकडी जिना, एक खोली.]

इथून दहाएक किलोमीटरवर त्याच वेळी एक आजी खुर्ची खिडकीशी ओढून बसल्या आहेत. निवृत्त नर्स. मूळच्या नगरकडच्या, पुण्यातल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती कुटुंबांसारख्या. मांडीवर पवित्र शास्त्र आहे, त्याच्या पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली. पान उघडलेलं आहे, पण नजर खिडकीबाहेर. पाठच आहे त्यांना.

“परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.”

दाविदाचं तेविसावं स्तोत्र. मीही याच समाजातला, लहानपणी संडे स्कूलमध्ये हे घडाघडा म्हणून दाखवून पेन्सिल जिंकलेली. पण त्या दिवशी कॅमेरा लावता लावता कान टवकारले. उणे. म्हणीतला तोच शब्द. खराडीच्या सिग्नलला जो प्रश्न टांगलेला आहे, तो इथे एका खोलीत कुणीतरी रोज सकाळी सोडवतंय. ही फिल्म त्या एका शब्दामुळे सुरू झाली.

[दृश्य : आजींचे हात, जवळून. पत्र्याचा डबा, त्यात पाकिटं.]

महिन्याच्या दोन तारखेला पेन्शन काढून आणली की हा डबा उघडतो. आत लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं आहेत. एकावर अजून ‘चि. सौ. कां.’ वाचता येतं, पुढचं नाव खोडलंय आणि वर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘किराणा’. दुसऱ्यावर ‘गॅस, वीज’. एकावर ‘औषध’. एकावर ‘येणंजाणं’. सगळ्यांत वरचं पाकीट त्यातल्या त्यात कोरं, त्यावर ‘अर्पण’. नोटा मोजून पहिला दहावा हिस्सा त्यात जातो. दशमांश. मग बाकीची पाकिटं.

महिनाअखेरीला औषधाचं पाकीट रिकामं झालं तर? मी विचारलं. “येण्याजाण्यातून घेते. चालत जाते.” अर्पणातून नाही? आजींनी चष्म्यावरून पाहिलं. “देवाला काय पैशाची गरज आहे होय? मूठ उघडायची सवय राहावी, म्हणून.”

इथे खरं तर भाग संपवायचा मोह झाला होता. तृप्त आजी, मंद प्रकाश, पेटीचे सूर. पण तुम्हाला कधी काही हवंसं वाटलं नाही का, असं विचारल्यावर आजी चटकन म्हणाल्या, “वाटलं ना. गॅलरी. समोरच्यांना गॅलरी आहे, तिथे त्या मिरच्या वाळत घालतात. चाळीस वर्षं बघतेय. अजूनही हवी आहे.”

मग?

“मग काय. हवी आहे म्हणून रोज प्रभूला सांगते. त्याने काही दिली नाही. पण गॅलरीवाचून अडलंय, असंही झालं नाही.”

समाधान म्हणजे इच्छा मेलेली असणं, असा माझा समज होता. तो या खोलीत मोडला.

[दृश्य : पुन्हा खराडी. अकरावा मजला. रात्रीचे आठ, घरप्रार्थना.]

या घरात दोघंही आयटीत. फ्लॅटचा हप्ता वीस वर्षांचा. शुक्रवारी मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पाच-सहा कुटुंबं इथे जमतात. गाणं होतं, वाचन होतं आणि शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ आणि लगेच पुढे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’

मराठी शास्त्रात शब्द ऋणच आहे. त्याचा अर्थ पापाचं ऋण, हे सगळ्यांना माहीत. पण घरचे दादा हसत म्हणाले, “दर महिन्याच्या पाच तारखेला ही ओळ मला फार वेगळी ऐकू येते.”

पुढे मात्र ते हसले नाहीत. लागोपाठ दोन वर्षं त्यांनी गाडी बदलली. पहिली बिघडली नव्हती. खाली पार्किंगमध्ये शेजारच्या जागेत मोठी गाडी उभी राहायला लागली होती, एवढंच. मोशेला देवाने दिलेल्या दहा आज्ञांपैकी दहावीत शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको असं सांगितलंय. मोशेच्या काळी सोसायटीचं पार्किंग नव्हतं, पण यादीत वाहनं तेव्हाही होती.

ताई म्हणाल्या, “आम्ही आता एकच ठरवलंय. रोजची भाकर म्हणायचं, तर पुढच्या पाच वर्षांच्या भाकरीची काळजी निदान जेवताना तरी करायची नाही.” रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळाला, तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी राखून ठेवला त्याला सकाळी किडे लागले. हे सांगून त्यांनी स्वतःच्याच फ्रिजकडे पाहिलं आणि सगळी खोली हसली.

एक गोष्ट इथे झाकून पुढे जाणं बरोबर नाही. हाव चर्चच्या दाराशी चपला काढून बाहेर थांबते, असं कुणी समजू नये. विश्वास ठेवला की गाडी येईल, व्हिसा लागेल, बंगला होईल, अशा सभांची पत्रकं पुण्यातही वाटली जातात. होर्डिंगवर आणि त्या पत्रकांवर मला तरी फारसा फरक दिसत नाही. फक्त खाली वचन छापलेलं असतं. आणि ते वचन बहुतेक वेळा एकच, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे.’ रिक्षांच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, परीक्षेला निघालेल्या पोरांच्या पॅडवर. त्याच्या आधीची ओळ कुणी छापत नाही. तिथे पौल उपाशी राहण्याबद्दल बोलतोय.

[दृश्य : चर्चचं ऑफिस. पाळकसाहेबांच्या टेबलावर उघडं शास्त्र.]

फिलिप्पैकरांस लिहिलेलं हे पत्र पौलाने कैदेतून लिहिलं. पाळकसाहेब आम्हाला म्हणाले, “हे पत्र कशासाठी आहे माहीत आहे का? पोचपावती आहे ती.”

फिलिप्पै शहरातल्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला मदत पाठवली होती. ती पोचली, एवढं कळवायचंय. पण आभार मानता मानता पौल अडखळतो. मी काही अडचणीत होतो म्हणून म्हणत नाही, मी आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकलो आहे, असं लिहितो. आणि पुढे, तरी तुम्ही बरं केलंत. मदत घेताना आपला मान राखणारा आणि देणाऱ्याचं मनही राखणारा माणूस पत्रात स्वच्छ दिसतो.

तिथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द स्तोयिक, म्हणजे सुखदुःखात अविचल राहा म्हणणाऱ्या, तत्त्वज्ञांच्या आवडीचा. ऑतार्केस. आपल्या आपण पुरा, कुणावाचून न अडणारा. पौल तो शब्द उचलतो आणि दोनच ओळींत फिरवतो. मी पुरा पडतो तो मला बळ देणाऱ्यामुळे, असं म्हणतो. पाळकसाहेबांनी बोट ‘शिकलो’ या शब्दावर ठेवलं होतं. “हा जन्मतः समाधानी नव्हता बरं का. शिकला. म्हणजे आधी येत नव्हतं.”

[दृश्य : देहू. इंद्रायणीचा घाट.]

पुण्यात समाधान हा शब्द उच्चारला की तुकोबांना वळसा घालून जाता येत नाही. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान.’ घरची सावकारी. परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. लोकांची ऋणं सोडली म्हणजे अक्षरशः सोडली. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तो पूल आमच्या उपासनेत आजही वापरात आहे. अभंग, ओव्या, टाळ, सगळं त्यावरून आलंय.

पण ‘तैसेचि राहावे’ या शब्दांत एक धोका आहे. आपण समाधानी राहावं हे ठीक. उपाशी माणसाला जाऊन ‘समाधानी राहा’ म्हणणं ठीक नाही. या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही दौंडकडची गाडी पकडली.

[दृश्य : केडगाव स्टेशन. मुक्ती मिशनचा परिसर.]

पंडिता रमाबाई. जन्म 1858. तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेली. भूक म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथून मुली आणल्या. एक-दोन नव्हे, शेकडो. त्या सगळ्यांना घेऊन केडगावच्या माळावर संसार थाटला, तेच हे मुक्ती मिशन.

आता बघा. या बाईंना संस्कृत अवगत, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेलं, इंग्लंड-अमेरिका पाहिलेली. स्वतःसाठी काय मागितलं? फारसं काही नाही. मुलींसाठी मात्र मागणं थांबलंच नाही. विहिरी हव्यात, शेती हवी, शाळा हवी, हातमाग हवेत, छापखाना हवा. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं शास्त्र मराठीत आणायला घेतलं, अडाणी बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. काम चालू होतं. ते हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या.

आपल्या ताटाबाबत तृप्त आणि दुसऱ्याच्या ताटाबाबत बेचैन. दोन्ही एकाच बाईत. परतीच्या गाडीत आमचा कॅमेरावाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, आपलं बरोबर उलटं असतं की.”

[दृश्य : पेठेतलं एक मराठी चर्च. रविवार. हंगामाचा सण.]

पावसाळा सरला की हा रविवार येतो. कुणी हंगामाचा सण म्हणतं, कुणी सरळ हार्वेस्ट. वेदीपाशी ज्वारीची कणसं, ऊस, केळीचे घड, लाल भोपळे. शेती कुणाचीच नाही, निम्म्या वस्तू मंडईतून आलेल्या. पण गावाकडून कुणीतरी खरंखुरं पोतंही आणतं. उपासना झाली की आवारात लिलाव.

आणि हा लिलाव पाहण्यासारखा असतो. इथे वस्तू जितकी साधी तितकी बोली चढते. एका लहान मुलीने एक अंडं अर्पण केलंय. एकच. दहा रुपयांपासून सुरू झालं. पन्नास. शंभर. खराडीचे दादा दीडशे म्हणाले. एक वार, दोन वार, तीन वार, अंडं दादांचं. दादांनी पैसे दिले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं. पुन्हा लिलाव. आता दोनशे. घेणाऱ्या बाईंनी पुन्हा परत ठेवलं. तिसऱ्यांदा पाळकसाहेबच ओरडले, “अहो, उकडून तरी आणायचं होतं, फुटेल आता!” जमलेले पैसे गावाकडच्या वसतिगृहातल्या मुलांच्या खर्चाला जाणार आहेत. जिने अंडं आणलं ती मुलगी प्रत्येक बोलीला टाळ्या वाजवतेय. अंड्याचं शेवटी काय झालं, ते आमच्या फुटेजमध्ये नाही, कारण तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

आजींनी भोपळा घेतला. येण्याजाण्याच्या पाकिटातून.

[दृश्य : नाना पेठ. वाड्याचा जिना.]

एवढा मोठा भोपळा त्या खोलीत ठेवायचा कुठे, हा प्रश्न घरी आल्यावर सुचला. मग आजी जिन्यातच विळी घेऊन बसल्या. एक फोड वरच्यांना. एक मागच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना. एक समोरच्या गॅलरीवाल्या काकूंना, त्यांनी वरून दोरीला पिशवी बांधून सोडली. बिया आजींनी वेगळ्या काढून कागदावर पसरल्या, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे ऊन येतं तिथे.

आम्ही सामान आवरत होतो तर हाक आली.

“अहो, तुम्ही पण न्या एक फोड. घारगे करा घरी.”

मी फोड घेतली. जिना उतरताना मागून पुन्हा आवाज आला.

“आणि गूळ थोडा जास्तच घाला हो!”