जलद चार्जिंग: मूळ किमतीत की जादा पैशांत?

सोलापूरकर मित्रहो, विजेवरची गाडी घेताना शोरूममध्ये आपण रेंज विचारतो, सबसिडी विचारतो; पण गाडीला जलद चार्जिंगची सोय आहे का, हे पुष्कळदा विचारायचे राहून जाते. माझे मत आधीच सांगतो: ही सोय प्रत्येक गाडीत, अगदी सर्वांत स्वस्त व्हेरियंटमध्येही, मूळ किमतीतच असली पाहिजे.

बॅटरी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीजच साठवते, आणि घरात येते ती एसी (सतत दिशा बदलणारी). गाडीतला ऑनबोर्ड चार्जर एसीचे डीसी करतो. त्याची क्षमता आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅट असते. जलद, म्हणजेच डीसी, चार्जिंगमध्ये हे रूपांतर रस्त्यावरच्या चार्जरच्या कपाटात होते आणि वीज थेट बॅटरीत जाते. म्हणजे महागडे यंत्र गाडीबाहेरच राहते. गाडीत लागतात त्या जाड केबल, कॉन्टॅक्टर (मोठा वीजप्रवाह चालू-बंद करणारे स्विच) आणि चार्जरशी संवाद साधणारे सर्किट. सीसीएस-२ (आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या मोटारींत असते त्या प्रकारच्या) सॉकेटचे झाकण उघडून पाहा: वर सात पिनांचा गोल भाग दिसतो तो एसीचा, आणि त्याखाली दोन जाड पिना दिसतात त्या डीसीच्या. वाद आहे तो या दोन पिनांचा आणि त्यांच्यामागच्या जोडणीचा.

पुण्याचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. छोट्या बॅटरीच्या गाडीला हायवेच्या वेगात इंदापूर किंवा भिगवणला थांबावे लागणार, हे गृहीत धरा. तिथे दहा युनिट वीज भरायला ३.३ किलोवॅटवर तीन तासांहून अधिक वेळ जातो. ३० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर, बॅटरी अर्ध्याच्या आत असेल तर, तेवढेच काम साधारण वीस-पंचवीस मिनिटांत होते.

यावर आक्षेप असा की, शहरातल्या शहरात, होटगी रोडवरून नवी पेठेत, रोज ये-जा करणाऱ्याने या सोयीचे पैसे का भरावेत? आक्षेप पोकळ नाही. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट १७.३ युनिटांची बॅटरी घेऊन, डीसी चार्जिंगशिवाय, शहरापुरती म्हणूनच विकली गेली. परंतु गाडी पहिल्या मालकाकडेच राहत नाही. पाच-सात वर्षांनी ती बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या माणसाने घेतली, तर ही सोय मागाहून बसवणे व्यवहारात जवळजवळ अशक्यच असते. अमेरिकेत २०१७ च्या शेव्हर्ले बोल्टवर हा पर्याय ७५० डॉलरना वेगळा मिळत असे. ज्यांनी तेव्हा तो घेतला नाही, त्यांच्या गाड्या घेणाऱ्यांनाही ती उणीव वारशाने मिळाली.

मात्र मी सोय मागतो आहे, अचाट वेग नव्हे. आपल्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तापलेली बॅटरी वाचवण्यासाठी गाडी स्वतःच चार्जिंग मंदावते; ऐंशी टक्क्यांनंतर तर ते एरवीही मंदावते. उत्तम कूलिंगशिवाय शंभर किलोवॅटचा आकडा म्हणजे (जाहिरातवाल्यांनी क्षमा करावी) निव्वळ शोभा. लहान गाडीला २५-३० किलोवॅट पुष्कळ झाले.

रोजच्या वापरात खरा फरक पाडतो तो ७.२ किलोवॅटचा घरचा चार्जर, आणि तो जादा पैसे घेऊन दिला तर माझी तक्रार नाही, कारण त्याला ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते आणि पुष्कळांना आधी मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ज्यांची गाडी रात्रभर दारात उभी असते, त्यांचे पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरही भागते.