पंपिंग चांगलं आहे, पण व्रण?

श्रोतेहो, नमस्कार.

हार्ट अटॅक आणि हृदय अचानक बंद पडणं, या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. हृदय अचानक बंद पडतं तेव्हा बहुतेकदा विजेची लय बिघडलेली असते. खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि मेंदूला रक्त पोचत नाही. हा धोका कुणाला आहे, हे आधी ओळखता आलं तर?

टू-डी इको झाला की घरचे पहिलं विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती टक्के?" म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं. औषधं चालू असूनही ते ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिलं, तर बऱ्याच रुग्णांना छातीत आयसीडी बसवायला सांगतात. लय बिघडली की हे यंत्र आतूनच शॉक देतं. पण अचानक दगावणाऱ्यांत बहुतेकांचं पंपिंग ३५च्या वरच असतं! उलट यंत्र बसवलेल्या कित्येकांना शॉकची गरज कधीच लागत नाही. एवढ्या एका आकड्यावर विसंबणं मला पटत नाही.

एमआरआय त्यापलीकडचं दाखवतो. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र ठळक करणारं द्रव्य देतात. काही मिनिटांनी ते निरोगी स्नायूतून निघून जातं, पण व्रणात, म्हणजे इजा झालेल्या स्नायूच्या जागी राहिलेल्या निबर वणात, रेंगाळतं आणि व्रण पांढरा दिसतो. या व्रणात तग धरून राहिलेल्या बारीक तंतूंतून वीज संथ वाहते, भोवऱ्यासारखी तिथेच फिरत राहते, आणि लय सुटते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये हृदय फुगलेल्या ४७२ रुग्णांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. व्रण असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जण अचानक दगावले किंवा थोडक्यात वाचले. व्रण नसलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. हा अभ्यास २०१३चा.

हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होतो, त्या आजारासाठी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२५ मध्ये संगणकाला हेच व्रण वाचायला शिकवलं. धोक्याचे रुग्ण ओळखण्यात तो प्रचलित निकषांपेक्षा सरस ठरला. रोजच्या वापराआधी मात्र त्याची आणखी पारख व्हायला हवी.

हा आजार घराण्यात उतरतो. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा पळताना कुणाला भोवळ आली असेल, तर त्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व इको जरूर करून घ्या. एमआरआयची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर गॅडोलिनियम देण्याआधी त्यांना न विसरता सांगा.