पांढऱ्या कपाळाची सिस्टर

(ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सगळ्यांना सलाम.

मला दिलेला विषय 'मंडळीतील आदर्श माता' असा होता. विषय देणाऱ्यांचा मान राखूनच सांगते, माझी आई त्यात बसत नाही. ती ९१ वर्षं जगली आणि रविवार शक्यतो चुकवला नाही. पण नाताळच्या सकाळी आम्ही चार भावंडं नवे कपडे घालून दारात उभी असायचो, तेव्हा ती कुठल्या तरी वस्तीवर एखाद्या बाईच्या कळा मोजत बसलेली असायची. करंज्या वडिलांनी तळलेल्या असायच्या आणि त्या दरवर्षी फुटायच्या.

वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आईचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता. घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कोणी काढायचं नाही. दशमांशाच्या, म्हणजे मंडळीला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या, पाकिटावर 'मास्तर व कुटुंब' असं लिहिलेलं असे. त्या पाकिटातले बरेचसे पैसे 'कुटुंबा'चे होते, इतकंच सांगते.

वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली सुरू झालं. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी ते उभं केलं. आई पन्नाशीच्या दशकात तिथे नर्सिंग शिकली. पुढे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ती सरकारी नोकरीत गेली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, त्यामुळे पगाराची काहीही भानगड झाली की अकोल्याची वारी. आमचा जिल्हा वेगळा झाला १९९८ ला, तोवर ती निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

तिला गाव मिळालं ते मंगरूळपीरच्या बाजूचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की चपला हातात घेऊन चालायचं. तिथली पहिली बाळंतीण तिने आम्हाला शंभरदा तरी सांगितली असेल. पांढरी साडी, कपाळाला कुंकू नाही, आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती बाया राहायच्या तशीच. दारातच बाळंतिणीच्या सासूने अडवलं. "तिले आत नका येऊ देऊ, पांढऱ्या कपाळाची हाय." बाळंतपणाच्या खोलीत विधवेची सावली नको, असा तो हिशोब. आईने कंदील खाली ठेवला आणि म्हणाली, "माय, माहा मालक जित्ता हाय. घरी भाकरी थापून राह्यला." सासूला आधी हसू आलं म्हणे, आणि मग तिने वाट दिली. नवरा भाकरी थापतो ही गोष्ट मात्र त्या गावात पुढे वीस वर्षं पुरली.

आता जरा नाळेबद्दल बोलते. महिला मंडळात हा विषय निघत नाही, म्हणून मुद्दाम. तेव्हा नाळ विळ्याने कापत आणि वर राख किंवा शेण लावत. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, ते नाळेच्या कच्च्या जखमेतून आत जातात. चांगलं दूध ओढणारं लेकरू पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड आवळून घेतं, अंग ताठ करतं आणि जातं. आणि नेमकी पाचवीच्याच रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, असं आपल्याकडे मानतात. लेकरू गेलं की 'सटवीनं लिहिलंच तेवढं' म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आई सटवीशी भांडली नाही. तिच्याजवळ ॲल्युमिनियमचा डबा होता. त्यात ब्लेड, दोरा आणि कात्री. चुलीवर पाणी उकळायचं, त्यात सगळं खळखळ उकळून घ्यायचं. गरोदर बायांना धनुर्वाताची सुई ती मागे लागून द्यायची. आणि पाचवीच्या पूजेला बोलावणं आलं की जायची.

इथे आपल्या पंच कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, राग आला. ख्रिस्ती बाई सटवीच्या पूजेला बसते, म्हणून तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "पाचव्या दिवशी मला कपडा सोडून नाळ पाहायची असते. त्या दिवशी दार उघडं असतं, एरवी मला कोण बोलावणार?" कमिटीने तिला एक महिना प्रभूभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवलं. तो महिनाभरही ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आली. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, तशी ती नेहमीच तिथे बसायची, कारण कोणी बोलवायला आलं तर प्रार्थनेच्या मध्येच उठता यायचं. पाळक डोळे मिटून असायचे म्हणून त्यांना कळायचं नाही. आम्हाला कळायचं, मला तर त्या रिकाम्या बाकाचा फार राग यायचा. अजूनही येतो कधीकधी.

तिची एक वही माझ्याकडे आहे. लांब, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात हिशोबाला वापरतात तशी. केलेली सगळी बाळंतपणं तिने त्यात पेन्सिलीने लिहिलीत. सरकारी रजिस्टर वेगळं, ते कार्यालयात जमा झालं.

आपल्या वयाच्या मंडळींना माहीत आहे, शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त ग्रामसेवक माझ्याकडे आले. ३१ मेला नोकरी संपून घरी बसले होते, कारण कागदावर जन्म १ जून. "बाई, माही खरी तारीख पाहता का?" आम्ही दोघांनी चष्मे लावून वही चाळली. सापडली. आईचं पेन्सिलीचं अक्षर फिकट झालं होतं: 'पोळा. दिवे लागताना. मुलगा. पाय आधी. दोघं बरी.'

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तीन महिने आधीच रिटायर झालो."