सहा आवाजांचा एक सा

(सांगलीत संगीतप्रेमींसमोर दिलेल्या सप्रयोग व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावर दिसतंय ते कॉर्ग कंपनीचं पॉलिसिक्स, 1981 साली बाजारात आलेलं सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ. पाच सप्तकं, दोन्ही कडांना लाकूड, एका वेळी सहा सूर. याच्या आत कुठल्याही वाद्याचं रेकॉर्डिंग भरलेलं नाही. आपण पट्टी दाबतो तेव्हा ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि चिपांमधून वीज वाहते आणि सूर त्या क्षणी तयार होतो. हात उचलला की गेला.

अशा वाद्यांच्या आवाजाला जगभर ‘उबदार’ म्हणतात, ‘जिवंत’ म्हणतात. मी बेंजो पार्टी आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड दुरुस्त करतो, त्यामुळे मला नुसत्या विशेषणावर थांबता येत नाही. ऊब म्हणजे आत नेमकं काय चाललेलं असतं, ते आज ऐकवायचं आहे. आणि हे समजायला सांगली-मिरजेसारखं गाव नाही, कारण इथल्या माणसाने तानपुरा ऐकलेला असतो. निदान कुणी जवारी काढताना, म्हणजे घोडीची पाठ घासून सूर खुलवताना, तरी पाहिलेलं असतं.

आधी एकच सूर. एकच आवाज, आणि आवाज दाट करणारा कोरस बंद.

(मंद्र सप्तकातला सा धरून फिल्टरची कळ सावकाश फिरवली.)

काय ऐकू आलं? सुरुवातीला घुमणारा सा. मग त्याच्यावरचा सा, मग पंचम, परत सा, आणि मग लख्ख गंधार. मी पट्टी एकच दाबली होती. सूर निर्माण करणाऱ्या भागातून, म्हणजे ऑसिलेटरमधून, निघणारी लहर करवतीच्या दात्यांसारखी असते आणि तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे स्वर दडलेले असतात. मूळ सुराच्या मानाने दुसऱ्याचं बळ निम्मं, तिसऱ्याचं तिसरा हिस्सा, असं उतरत जातं. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. आपले गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तोच हा. तानपुऱ्यात तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीवर घासत जाते, खाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी साधली की हे स्वर एकामागून एक उमलतात. सिंथमध्ये ते काम फिल्टर करतो. कटऑफ हा त्याचा उंबरठा. उंबरठ्याच्या वरचं तो अडवतो आणि रेझोनन्स वाढवला की नेमक्या उंबरठ्यावरचा स्वर उजळतो. म्हणून कळ फिरली तसे स्वर एकेक करून पुढे आले.

या वाद्यातल्या फिल्टरची चिप डेव्ह रॉसम यांच्या रचनेची, एसएसएम 2044. उंबरठ्यापासून एक सप्तक वर गेलं की तिथल्या लहरीची उंची साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. उतार असा तीव्र असल्यामुळे कळ जराशी हलवली तरी आवाजाचा चेहरा बदलतो. हा भाग लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता युनिसन. हे बटण दाबलं की सहाच्या सहा आवाज एकाच पट्टीवर बोलतात.

(तोच सा, सहा आवाजांत.)

मोठा झाला हे तर खरंच, पण तो हलतोय, बघा. सहा ऑसिलेटर एकाच सुरावर लावलेले असले तरी सहाही वेगवेगळ्या सुट्या भागांचे बनलेले आहेत. प्रत्येकाला बारीक स्क्रूने जुळवावं लागतं आणि जुळवल्यावरही केसभर फरक राहतो. एक 220 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 220 कंपनांवर, आणि दुसरा 221 वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विस्पंद म्हटलंय. पण तेवढ्यावर भागत नाही. दोघांचे दुप्पट स्वर 440 आणि 442, म्हणजे तिथे सेकंदाला दोन हेलकावे. पाचपटीवर पाच. खालचा सूर संथ डुलतो आणि त्याच वेळी वरचे स्वर भराभर चमकतात. सहा आवाजांत जोड्या पंधरा होतात. त्या पंधरांची प्रत्येकाची आपापली चाल, म्हणून हा आवाज कितीही वेळ धरला तरी एका जागी गोठत नाही. कान कंटाळत नाही याचं कारण हे.

तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना आपण नेमकं उलटं करतो. मणी सरकवत सरकवत हेलकावा लांबवतो, लांबवतो आणि नाहीसा करतो. गाणाऱ्याला स्थिर सा हवा असतो. सिंथ वाजवणारा मात्र थोडा हेलकावा मुद्दाम ठेवतो. किती ठेवायचा हा त्याच्या कानाचा प्रश्न. जास्त झाला की आवाज बेसूर आणि रोगट होतो, अगदी गेला की सहा आवाजांचा एकच जाड आवाज उरतो. जुनं आहे म्हणून गोड, बिघडलंय म्हणून गोड, असं काही लोक समजतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांनी ही वाद्यं घडवली ते सूर स्थिर ठेवण्यासाठी जिवाचं रान करत होते.

का, ते सांगतो. ॲनालॉग, म्हणजे विजेच्या दाबावर सूर ठरवणाऱ्या, सिंथमध्ये सामान्य हिशेब असा, की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. बारा स्वरांत वाटणी केली तर एका स्वराला 83 मिलिव्होल्टच्या आसपास. एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की सव्वा सेंटच्या जवळपास फरक; सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा हिस्सा. त्यात व्होल्टचं सप्तक करणारा ट्रान्झिस्टर उष्णतेला भलताच हळवा. काहीच उपाय केला नाही तर दर अंशाला, दर सप्तकामागे साधारण चार सेंट चूक होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी 25 अंश आणि दुपारी 38. तेरा अंशांत एका सप्तकामागे अर्धा स्वर गेला! म्हणून त्या ट्रान्झिस्टरला खेटून असा रेझिस्टर बसवत, जो उष्णतेबरोबर बदलून ती चूक फेडतो. पुढे डग कर्टिस यांच्या सीईएम 3340 या चिपमध्ये ही सोय आतच आली.

एकाच वेळी अनेक सूर वाजवणारं वाद्य इतक्या उशिरा का आलं, तेही यातून कळतं. 1970 चा मिनीमूग एका वेळी एकच सूर देत असे. पाच सूर हवे तर पाच पूर्ण वाद्यं एका खोक्यात घालायची: पाच जोड ऑसिलेटर, पाच फिल्टर, आणि पाचही सुरात. टॉम ओबरहाइम यांनी 1975 मध्ये चार आवाजांचं वाद्य काढलं त्यात चार स्वतंत्र सिंथ शेजारी शेजारी होते आणि चारही हाताने सारखे जुळवावे लागत. यामाहाच्या सीएस-80 चं वजन शंभर किलोच्या घरात, पण त्याच्या प्रत्येक पट्टीला बोटाचा दाब वेगळा कळत असे. मग 1978 च्या जानेवारीत डेव्ह स्मिथ आणि जॉन बोवेन यांनी प्रॉफेट-5 दाखवला. आत मायक्रोप्रोसेसर. कुठली पट्टी दाबली, कुठला आवाज मोकळा आहे, हे तो बघणार, पाचही आवाज सुरात आणणार आणि कळा लावून जुळवलेले 40 तयार आवाज लक्षात ठेवणार. माझ्या मते वाद्य म्हणून पॉलीफोनिक, म्हणजे अनेक सुरांचा, सिंथ तिथे उभा राहिला. त्याआधीचे विलक्षण होते, पण मंचावर दोन गाण्यांच्या मधे आवाज बदलणं हे दिव्य होतं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. सा-ग-प एकत्र धरतो, फिल्टर पूर्ण उघडा.

(मध्य सप्तकात सा-ग-प.)

खरखर जाणवली? आपल्यातल्या गाणाऱ्यांना नक्की जाणवली असेल. कीबोर्डचा गंधार हा बारा समान वाटण्या केलेला गंधार, स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट चढा. आता गंमत बघा. पांढरी एकच्या सा मध्ये स्वतःचा पाचपट स्वर आहे, सुमारे 1308 हर्ट्झ. मी दाबलेल्या ग पट्टीचा चौपट स्वर आहे सुमारे 1318.5. दोघे एकमेकांना घासतात, सेकंदाला दहा वेळा. एकाच वाद्याच्या पोटात निसर्गाचा गंधार आणि पट्टीचा गंधार दोन्ही आहेत आणि ते भांडतात. हार्मोनियमबद्दल आपल्याकडे इतकी वर्षं जो वाद चालला, त्याचा हा मुळाचा मुद्दा.

हार्मोनियमवाल्याच्या हातात यावर उपाय नाही. सिंथवाल्याच्या हातात आहे. तोच स्वरसमूह, आता फिल्टर हळूहळू बंद करतो.

(कटऑफ हजार हर्ट्झच्या खाली आणला.)

भांडण मिटलं. सूर मी बदललेले नाहीत, ग अजूनही 14 सेंट चढाच आहे. पण जिथे घर्षण होत होतं ते वरचे स्वर उंबरठ्याच्या पलीकडे गेले. उरले ते खालचे संथ हेलकावे. याला लोक ऊब म्हणतात. परत उघडला की धार आली, गाण्यात जिथे ताण हवा तिथे. म्हणजे आवाजात किती घर्षण येऊ द्यायचं आणि कुठल्या क्षणी, हे वादकाच्या चिमटीत आहे. हे वाद्य समजून घ्यायचं तर डावा हात पट्ट्यांवर आणि उजवा हात त्या कळीवर पाहिजे. केवळ पट्ट्या वाजवून त्याची ओळख होत नाही.

1983 मध्ये यामाहाचा डीएक्स7 आला. आवाज अंकी (डिजिटल), सूर अढळ, एका वेळी सोळा. त्याच वर्षी मिडी या वाद्यांच्या सामाईक भाषेमुळे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलायला लागलं. ॲनालॉगचा बाजार बसला. प्रॉफेट-5 नव्याने बनायला 2020 साल उजाडलं. दोनच वर्षांनी डेव्ह स्मिथ गेले.

आपल्या मुंबईतलं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही: चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. 1982 मध्ये त्यांनी रोलँडचा जुपिटर-8 सिंथ, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक थक्क झाले. त्यात खर्ज अखंड चालू असतो आणि त्याच्यावर राग फिरतो. पाश्चात्त्य वाद्याकडून त्यांनी तानपुऱ्याचं काम करून घेतलं. जुपिटर-8 च्या प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, म्हणजे एकूण सोळा. हेलकाव्यांना तोटा नव्हता.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी, कारण जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावर अजून असं एखादं वाद्य निघतं. पहिली, थेट प्लगात घालू नका. जपानी बाजारासाठी बनलेलं वाद्य 100 व्होल्टचं असतं, आपले 230 त्याला जाळतील. मागची पट्टी वाचा, लागला तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. दुसरी, त्या काळच्या बऱ्याच सिंथमध्ये आवाज लक्षात ठेवायला निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती म्हातारी झाली की पाझरते. आधी तिच्या पायाशी हिरवट-पांढरी बुरशी दिसते, मग तो क्षार तांब्याच्या रेघा खात खात चिपेच्या पायांपर्यंत पोहोचतो. वाद्य चालू असो वा बंद, ते खाणं थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा ती काढा. पाझर असेल तर कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावा, क्षार मरतो. मग स्पिरिटने पुसून कोरडं करा आणि तुटलेल्या रेघा बारीक तारेने जोडा. आवाजाची चिप मिळते, बोर्ड मिळत नाही.

आता वाद्य चालूच ठेवतो. ज्यांना हात लावायचाय त्यांनी पुढे या. पहिल्यांदा एकच पट्टी धरा आणि ही कळ, कटऑफची, अगदी सावकाश फिरवा. गंधार सापडला की थांबा.