समन्स हाती पडल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

फौजदारी खटल्याच्या कागदांवर एका बाजूला महाराष्ट्र शासन असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. ज्याचे घर फोडले गेले किंवा जिच्यावर अत्याचार झाला, त्या व्यक्तीचे नाव मात्र साक्षीदारांच्या यादीत शोधावे लागते. खटला सरकार चालवते, त्यामुळे पीडिताला स्वतःचा वकील देण्याचा खर्च पडत नाही, हे खरे. पण आपल्या प्रकरणाचे पुढे काय झाले हे त्याला कोणी कळवायचे, याचे स्पष्ट उत्तर व्यवहारात फार काळ मिळत नव्हते. साक्षीदार फितूर झाले की आपण पैसा आणि दहशत यांना दोष देतो. माझ्या मते त्यात या अंधारात राहण्याचाही मोठा वाटा असतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, या बाबतीत काही गोष्टी निश्चित केल्या आहेत. पोलिसांनी नोंदवलेल्या फिर्यादीची (एफआयआरची) प्रत फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत त्यांना कळवायचे असते आणि ते मोबाइलवर कळवले तरी चालते. पीडिताने वकील दिला असेल, तर दोषारोपपत्राची प्रतही त्याला मिळते आणि न्यायालयाच्या परवानगीने तो वकील सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे.

आता प्रत्यक्ष साक्षीच्या दिवसाकडे वळू. घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी समन्स येते, तोवर तपशील पुसट झालेले असतात आणि माणूस धास्तावतो. समन्सवरील खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचे नाव नीट पाहून ठेवावे, आणि शक्य असल्यास सरकारी वकिलांना आधी भेटावे. साक्षीपिंजऱ्यात प्रथम सरकारी वकील प्रश्न विचारतात. त्यानंतर आरोपीचे वकील उलटतपास घेतात, आणि तो तीक्ष्णच असतो, कारण तेच त्यांचे काम आहे. मात्र, अपमानास्पद किंवा केवळ त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात, आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेच्या पूर्वायुष्यातील संबंधांविषयी प्रश्न विचारण्यास कायद्यानेच मज्जाव केला आहे. प्रश्न समजला नाही तर तसे सांगावे. आठवत नसेल तर आठवत नाही असेच म्हणावे, अंदाजाने उत्तर देऊ नये. नोंदवलेली साक्ष वाचून दाखवली जाते, तेव्हा एखादा शब्द चुकीचा लिहिला गेला असेल तर तिथल्या तिथे सांगावे, कारण पुढे अपिलातही तोच कागद वाचला जातो. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय तारीख पुढे ढकलू नये असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात माणसे दिवसभर व्हरांड्यात बसून परत जातात, हे न्यायालयात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. निदान प्रवासखर्च आणि भत्ता मागायला संकोच करू नये.

धमकी आली तर? सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. तिच्यानुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. धोका जिवाला आहे, मालमत्तेला व प्रतिष्ठेला आहे, की केवळ दमदाटीचा आहे, याचा अहवाल पोलिसांकडून मागवून समिती निर्णय घेते. घराभोवती गस्त, न्यायालयापर्यंत सोबत, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणे, असे उपाय त्यात आहेत. लहान मुलांसाठी तर पडदा किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची सोय आहे. धमकीचा फोन किंवा संदेश आल्यास त्याची नोंद पुसून टाकू नये.

नुकसानभरपाईविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. आरोपीला शिक्षा झाल्यावरच पैसे मिळतात, असे अनेकांना वाटते. वास्तविक, गुन्हेगार सापडलाच नाही, तरीही पीडित विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून अर्थसाहाय्याची मनोधैर्य योजना आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य प्रथमोपचार करणे बंधनकारक आहे.

निकाल आरोपीच्या बाजूने लागला, तर सरकार अपील करील की नाही याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 2009 च्या दुरुस्तीपासून पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क आहे आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. त्यासाठी निकालपत्राची प्रमाणित प्रत लागते. तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात देऊन ठेवावा.